मुलीच्या मिनिटांबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस थांबले, रागाच्या भरात लिहायचं नव्हतं. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की मुलीच्या ट्रॅव्हल सॉकर टीमची, म्हणजे गावोगावी जाऊन सामने खेळणाऱ्या टीमची, मॅनेजर असूनही तिला खेळायला कमी मिळतं म्हणून मी कोचकडे एकदाही शब्द टाकला नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत, एवढी फी भरायची, शनिवार-रविवार न्यू जर्सीभर गाडी पळवायची आणि पोरगी बेंचवर बसली तरी गप्प राहायचं, हा मोठेपणा नव्हे, भित्रेपणा आहे. तिला दुसऱ्या क्लबात न्या. आणि या नादात रविवारची मराठी शाळा बुडते, तेही बघा.

मराठी शाळा बुडते, खरं आहे. गृहपाठ गाडीत होतो. मला ते लागतं आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मिनिटांचं मात्र नीट सांगते. बारा वर्षांखालच्या गटात मैदानावर एका वेळी नऊ मुली असतात आणि तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ. म्हणजे अख्ख्या सामन्यात वाटायला ५४० मिनिटं. आमच्याकडे १४ मुली आहेत, सारखी वाटणी केली तर प्रत्येकीला अडतीसएक येतात. गेल्या ऑक्टोबरात एका सामन्यात माझ्या मुलीला ११ मिळाली. मी फोनवर मोजत होते. त्या दिवशी माझ्या पोटात काय झालं हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्हीही बाप आहात.

पण मॅनेजर म्हणून माझ्या हातात काय असतं ते बघा. मुलींची प्लेअर कार्डं माझ्या पिशवीत. रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, मी भरते, टूर्नामेंटची हॉटेलं मी ठरवते, वीज कडाडली की शेवटच्या गडगडाटापासून तीस मिनिटं मोजून कोणाला गाडीतून बाहेर सोडायचं ते मी बघते. कोच माझा फोन रात्री दहालाही उचलतो, बाकीच्या आयांना ही सोय नाही. टीममधल्या एका मुलीच्या आईची शनिवारी ड्यूटी असते, ती मुलगी आमच्या गाडीतून येते. तिच्यासाठी कोण शब्द टाकणार? मिनिटं ५४०च आहेत. मी माझ्या लेकीसाठी दहा मागून घेतली तर ती कोणाच्या तरी वाट्यातून जाणार, आणि बहुतेक जिचं माणूस मैदानावर नाही तिच्याच.

तरीही तुमचा एक शब्द बरोबर लागला. लेखात मी लिहिलं नव्हतं, पण जानेवारीत मी कोचशी बोलले. सगळ्या पालकांसमोर, सगळ्या मुलींसाठी. म्हटलं, या वयात लीगच्या सामन्यात प्रत्येकीला निदान अर्धा सामना मिळायला हवा. १९६४ पासून चालत आलेल्या अमेरिकन युथ सॉकर ऑर्गनायझेशनमध्ये हा नियमच आहे, आमच्यासारख्या स्पर्धात्मक टीमला तो आपोआप लागू होत नाही. कोचने लीगपुरतं मान्य केलं, टूर्नामेंटसाठी नाही. हे मी सप्टेंबरातच विचारायला हवं होतं. स्वतःच्या मुलीसाठी गप्प राहणं वेगळं आणि सगळ्यांसाठी गप्प राहणं वेगळं. हे कळेपर्यंत एक अख्खा मोसम गेला, त्यात आणखी दोघी मुली बेंचवर होत्या. त्याला भित्रेपणा म्हणालात तर मी ऐकून घेईन.

आणि त्या ११ मिनिटांचं पुढे काय झालं? गाडीत लेक म्हणाली, "आई, तू नको बोलूस. मी विचारते." मंगळवारच्या प्रॅक्टिसला जाताना तिनं एकच वाक्य चार वेळा म्हणून बघितलं. प्रॅक्टिस संपल्यावर कोचसमोर उभी राहिली, एका बुटाने दुसऱ्या बुटाचा चिखल खरवडत. मी लांब बॉलची पिशवी बांधत होते, आधीच बांधलेली. कोच गुडघ्यांवर बसला, गवतात सरावाचे तीन प्लास्टिकचे कोन मांडले आणि एक कोन हातानं हलवत राहिला. बॉल गेला की तू बघत उभी राहतेस, त्याच क्षणी वळायचं, असं तो दाखवत होता. परत येताना ती म्हणाली, "त्याला हे दिसलं होतं, आई. मला वाटायचं त्याचं माझ्याकडे लक्षच नाही." हे मी फोन करून तिला मिळवून देऊ शकले नसते.

आता दुसऱ्या क्लबचं. २०१७ पासून इथे जन्मवर्षावर गट पडतात. माझी मुलगी ऑक्टोबरातली, त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्या मुलींपेक्षा नऊ-दहा महिन्यांनी लहान. या वयात तेवढ्यानं उंचीत आणि धावण्यात केवढा फरक पडतो! २०२६-२७ च्या मोसमापासून गट १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे होणार आहेत. म्हणजे आमची टीम तशीही फुटणार. मोठ्या मुली वरच्या गटात, अकरा जणींच्या खेळाला जातील, ही तिच्या वर्गातल्या मुलींबरोबर याच गटात राहील. लहान असल्यामुळे मागे पडत होती की खरंच कमी पडत होती, हे तेव्हा दिसेल. त्याआधी क्लब बदलायची घाई मला पटत नाही.

ट्रायआउटला, म्हणजे टीमच्या निवड चाचणीला, कुठे जायचं हे मी तिच्यावर सोडलंय. विचारलं की म्हणते, आधी शनिवारचा सामना होऊ दे.