‘सुडो लावा, ७७७ द्या’ हा उपाय नव्हे

फाइली कॉपी करणारी शेल स्क्रिप्ट (लिनक्ससारख्या यंत्रणेत एकामागोमाग चालवायच्या कमांडची फाइल) अडली की एक सल्ला हमखास पुढे येतो: ‘अडचण परवानगीचीच असते. सुडो लावून चालवा, फोल्डरला ७७७ द्या. एरर आला नाही म्हणजे कॉपी झाली.’ (सुडो लावणं म्हणजे कमांड ‘रूट’ या सर्वाधिकारी युजरच्या हक्काने चालवणं.) नवशिक्यांच्या गळी हे उतरवलेलं पाहून मला काळजी वाटते, कारण यातलं एकही वाक्य टिकत नाही.

‘अडचण परवानगीचीच असते.’ आधी एरर वाचा. ‘परमिशन डिनाइड’ असेल तर परवानगी तपासा. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असेल तर पुष्कळदा नावातली मोकळी जागा नडलेली असते. व्हेरिएबलला (फाइलीचं नाव किंवा ठिकाण साठवणाऱ्या शब्दाला) दुहेरी अवतरणचिन्हं नसली, की शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) ‘माझे फोटो’ या एका नावाचे दोन तुकडे करतं आणि सीपी ही कॉपी करणारी कमांड ‘माझे’ व ‘फोटो’ वेगवेगळे शोधत बसते. परवानग्या कितीही सैल केल्या तरी ते सापडणार नाहीत.

‘सुडो लावा.’ मग नव्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात. पुढच्या वेळी साध्या युजरने तीच स्क्रिप्ट चालवली, की त्या फाइलींवर लिहिता येत नाही. आधी नसलेली अडचण आपणच उभी केली! शिवाय ठिकाणाचं व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि त्याच्यामागे स्लॅश असला, तर उरतो नुसता स्लॅश, म्हणजे सिस्टिमची मूळ डिरेक्टरी. साधा युजर तिथे अडवला जातो. सुडोमुळे सगळ्या फाइली तिथे जाऊन पडतात.

७७७ म्हणजे यंत्रावरच्या प्रत्येकाला वाचायची, लिहायची, चालवायची मुभा. बॅकअपला ती कशाला हवी?

‘एरर नाही म्हणजे कॉपी झाली.’ हे सगळ्यात घातक. समजा, लूपमधून एकेक फोटो ‘बॅकअप’मध्ये टाकायचाय, पण त्या नावाचा फोल्डरच नाही. सीपी तक्रार करत नाही. पहिला फोटो ती ‘बॅकअप’ याच नावाची फाइल म्हणून ठेवते, दुसरा त्याच्यावर, तिसरा पुन्हा त्याच्यावर. शंभरांतला शेवटचा एक उरतो. मूळ फोटो पुसल्यावर हे कळलं, तर? ठिकाणाच्या शेवटी स्लॅश द्या. फोल्डर नसेल तर सीपी लगेच एरर देते. आणि स्क्रिप्टच्या शेवटी ‘झालं’ छापणारी एको कमांड असेल, तर आधीची सीपी फसली तरी एक्झिट कोड ०, म्हणजे ‘सगळं ठीक’, येतो.

सुडोकडे हात नेण्याआधी स्क्रिप्ट ‘बॅश -एक्स’ने (bash -x) चालवा. प्रत्येक कमांड व्हेरिएबलच्या जागी खरी किंमत भरून समोर छापली जाते. तुटलेलं नाव किंवा रिकामं ठिकाण तिथेच दिसतं.