परसातला पागडीचा भाडेकरू

डिसेंबरातल्या रविवारी मेलबर्नमधली सुखी माणसं समुद्रावर जातात. मी शिडीवर चढतो आणि छपराच्या पन्हळीत कोपरापर्यंत हात घालतो. वीतभर लांब वाळकी पानं, सालीचे पापुद्रे, काटक्या, काकाकुव्यांनी निव्वळ मजेसाठी कुरतडून टाकलेले डहाळे, असा सगळा ऐवज निघतो. हे सगळं एकाच झाडाचं देणं, रिव्हर रेड गम नावाच्या निलगिरीचं.

झाड सदाहरित आहे, असं घर दाखवणाऱ्या एजंटाने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. सदाहरित म्हणजे बाराही महिने गळणारं. पिंपळाला निदान पानगळीचा हंगाम तरी असतो. याला हंगाम नाही, उन्हाळ्यात जोर तेवढा जास्त चढतो.

बरं, एवढी पानं आहेत तर सावली तरी पडावी! तीही नाही. ही पानं देठाला सरळ खाली लोंबतात आणि माथ्यावरच्या उन्हाला फक्त कड दाखवतात. पाणी वाचवायची ही युक्ती झाडाच्या दृष्टीने मोठी हुशारीची. भर दुपारी खाली उभं राहिलं की डोक्यावर भलंमोठं झाड असतं आणि अंगावर लख्ख ऊन. तसं खाली उभं राहायचंही नसतं. चाळीस अंशांच्या दुपारी, वारा नाही, वादळ नाही, अशा वेळी या झाडाची चांगली धडधाकट फांदी काडकन मोडून खाली येते. आमच्याकडे ती कपडे वाळत घालायच्या गोल छत्रीवर आली. छत्री गेली, सासऱ्यांचे दोन लेंगेही गेले. मोडल्या जागी आतलं लाकूड लालबुंद होतं. या लाकडाचे पूर्वी रेल्वेच्या रुळांखालचे स्लीपर करत, हे मला करवतीचे दात बोथट झाल्यावर कळलं.

पालिकेला फोन केला. सगळी हकीकत ऐकून पलीकडच्या बाईंनी काळजीने विचारलं, "झाडाला फार लागलं नाही ना?"

मग एक तज्ज्ञ आले. बुंध्याला टेप गुंडाळली, मान वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, 1835 मध्ये मेलबर्न वसलं त्याच्या आधीपासून हे इथं असणार. पुण्यातल्या वाड्यात पागडीचा जुना भाडेकरू असतो ना, तसं हे प्रकरण आहे हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मालक कागदावर, हक्क त्याचा. झाड वाळलं तर काढता येईल का, असं मी हळूच विचारून पाहिलं. त्यांनी वरची ढोली दाखवली. अशी ढोली तयार व्हायला शंभरेक वर्षं सहज जातात, पोपट आणि पॉसम (मांजराएवढा, झाडावर राहणारा इथला प्राणी) तिच्यातच राहतात, तेव्हा वाळलं तरी राहू द्या, म्हणाले.

याचं खरं घर नदीकाठ. मरे नदीवर बार्मा इथं या झाडांचं अफाट जंगल आहे. मुलांच्या हट्टापायी आम्ही तिथं गेलो (सुट्टीतही हेच झाड बघायचं, हे माझं नशीब). पूर आला की ही झाडं महिनोन्महिने पाण्यात उभी राहतात आणि पूर ओसरला की ओल्या गाळात बी रुजतं. काही बुंध्यांवर पुरुषभर लांबीचे लंबगोल व्रण आहेत. तिथल्या मूळच्या योर्टा योर्टा लोकांनी अख्खी साल सोलून तिच्या होड्या केल्या, तरी झाडं जगली. होडीएवढी साल काढूनही जे मरत नाही त्याच्यापुढे माझ्या करवतीची काय कथा!

शास्त्रीय नाव युकॅलिप्टस कमाल्डुलेन्सिस. ते 1832 मध्ये इटलीत ठेवलं गेलं, नेपल्सजवळच्या कमाल्डोलीच्या बागेत लावलेल्या झाडावरून. म्हणजे जन्म ऑस्ट्रेलियातला, बारसं इटलीत, आणि केर काढायला मी, सांगलीचा.

फुलतं मात्र देखणं. कळीवर चोचीची छोटी टोपी असते. फुलायची वेळ आली की टोपी उडते आणि पांढऱ्या केसरांचा झुबका बाहेर पडतो. पाकळ्या वेगळ्या नसतातच, त्यांचीच ती टोपी. मधमाश्यांची चंगळ होते आणि टोप्या माझ्या चहात पडतात.

यंदा आई आली. तिने पहिल्याच दिवशी मला फैलावर घेतलं. "अरे, दारात निलगिरी आणि सर्दीला बाटली विकत आणतोस?" तेल काढतात ती निलगिरी वेगळ्या जातीची, हे सांगेपर्यंत पानं पातेल्यात पडली होती. टॉवेलाखालून बाहेर येऊन ती म्हणाली, "छे! बिनकामाचं आहे हे."

संध्याकाळी ती अंगणातले सांडगे उचलायला गेली आणि तिथूनच ओरडली. ताटाशी एक पॉसम बसला होता, दोन्ही हातांत सांडगा धरून कुरुमकुरुम खात.

"हा कोण?"

"वर राहतो. ढोलीत."

"मग हाकल की!"

"हात लावता येत नाही, आई. कायदा आहे."

पॉसमाने दुसरा सांडगा उचलला. आई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिखट नाही ना लागत?"

प्रश्न मला नव्हता.