परेरा, नासपतीचं झाड आणि ‘अभ्यास वाढवा’

महोदय,

परेरा आडनावावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “परेरा मुळात ज्यू. स्पेन-पोर्तुगालात झाडांची आडनावं लावणारे सगळे बाटगे ज्यू होते. स्पॅनिशचा गंध नाही आणि निघाले आडनावं सांगायला. अभ्यास वाढवा.”

आधी माझी चूक. स्पॅनिशमध्ये नासपतीच्या झाडाला ‘पेरा’ म्हणतात, असं मी लिहिलं होतं. पेरा हे फळ, झाड ‘पेराल’. दुरुस्त केलंय, आभार. पण एवढं सांगायला हा तोरा कशाला? ओळखदेख नसलेल्या माणसाशी मी असं बोलत नाही. आपल्याकडूनही तेवढीच अपेक्षा होती.

आता ते ‘सगळे’. पोर्तुगालमध्ये ज्यूंचं सक्तीचं धर्मांतर झालं 1497 साली. आल्जुबारोटाच्या लढाईत कास्तील या स्पॅनिश राज्याच्या फौजेला धूळ चारणारा सेनापती होता नुनो आल्वारेस परेरा, आणि ती लढाई 1385 ची. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं आधी हे नाव सरदार घराण्यात नांदत होतं. त्याच नुनोच्या मुलीच्या लग्नातून पुढे पोर्तुगालचं ब्रागांसा राजघराणं उभं राहिलं. पोर्तुगीजमध्ये ‘परेरा’ म्हणजे नासपतीचं झाड. त्यावरून ठिकाणाला नाव पडलं आणि ठिकाणावरून माणसाला. आपल्याकडे पिंपळगावचा पिंपळगावकर होतो, तसंच. यात धर्म कुठे आला?

ज्यू परेरा नव्हते, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. फ्रान्समध्ये मुक्या-बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणारे जाकोब रोद्रिगेस परेरा ज्यूच होते. त्यांच्या नातवांनी, एमिल आणि इझाक यांनी, 1852 मध्ये क्रेदी मोबिलिए ही बँक काढली. पण धर्मांतरानंतर लोकांनी आजूबाजूची रुळलेली आडनावंच घेतली. नुसत्या आडनावावरून ज्यू ओळखता आला असता, तर इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी कशाला उकरल्या असत्या? जुने ख्रिस्ती आणि नवे ख्रिस्ती (धर्मांतरित ज्यू आणि त्यांचे वंशज) हा कायद्यातला भेद 1773 मध्ये मोडून काढला पोर्तुगालचा मंत्री मार्किस पोंबालने. त्याचं आडनाव कार्व्हाल्यो, म्हणजे ओकचं झाड. आपल्या हिशेबाने तोही बाटगा धरायचा का?



आणि ‘बाटगे’ हा शब्द. मी वसईचा, आडनाव परेरा. शाळेत हा शब्द पाठीमागून ऐकलाय, नोकरीत समोरून ऐकलाय. 1534 ते 1739 वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं नाहीतर पाद्रीचं आडनाव मिळायचं, तेच पुढे चालत आलं. आमच्या चर्चच्या वहीत पणजोबांच्या लग्नाची नोंद मी डोळ्यांनी पाहिलीय. पाद्रीने वळणदार अक्षरात ‘परेरा’ लिहिलंय आणि शेजारी पणजोबांचा अंगठा, शाई कडेने फुटलेली. त्यांच्या वाडीत केळी होत्या, पानवेली होत्या. नासपतीचं झाड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आपण पुस्तकं चाळून मला मूळ सांगता, मी त्या अंगठ्यावर बोट ठेवून आलोय.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तेवढा एक शब्द आपण मागे घ्या.