आफ्रिकेला स्वस्त कर्ज मिळायलाच हवं

आफ्रिकेतला एखादा देश कर्जात बुडाल्याची बातमी आली की खाली ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. ऐपत नाही तर कर्ज काढता कशाला, नेते पैसे खातात, चीनने फसवलं. यात थोडंफार तथ्यही आहे. पण कर्ज कोणाकडून घेतलं, किती व्याजाने आणि किती वर्षांसाठी, हे सहसा कोणी विचारत नाही. सगळी मेख तिथेच आहे.

केनियाचं बघा. 2014 मध्ये या देशाने पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय बाजारात डॉलरचे रोखे विकले. त्यातले दोन अब्ज डॉलर जून 2024 मध्ये एकरकमी फेडायचे होते. व्याज होतं 6.875 टक्के. मुदत जवळ आली तशी एवढे डॉलर आणणार कुठून, अशी चर्चा सुरू झाली आणि केनियाचा शिलिंग घसरत गेला. शेवटी फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने दीड अब्ज डॉलरचे नवे रोखे काढले, 9.75 टक्के व्याजाने, आणि त्या पैशातून जुन्यातले बरेचसे परत घेतले. जेमतेम सात टक्क्यांचं कर्ज फेडायला पावणेदहा टक्क्यांचं कर्ज! काही महिन्यांत महसूल वाढवण्यासाठी नवं वित्त विधेयक आलं. त्याच्या मूळ मसुद्यात ब्रेडवरसुद्धा 16 टक्के व्हॅट होता. तो वगळला तरी राग शमला नाही. नैरोबीतली विशी-पंचविशीतली पोरं रस्त्यावर उतरली, 25 जूनला संसदेत घुसली, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी विधेयकावर सही करायला नकार दिला. रोख्यांचे हप्ते तसेच चालू आहेत.

याच जगात दुसऱ्या प्रकारचं कर्जही मिळतं. जागतिक बँकेची आयडीए ही शाखा 1960 पासून गरीब देशांना कर्ज देते. तिच्या नेहमीच्या अटींमध्ये परतफेडीला 38 वर्षं, त्यातली पहिली सहा वर्षं मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि व्याजाऐवजी नाममात्र शुल्क. कर्ज झेपणारच नाही अशा देशांना सरळ अनुदान. आफ्रिकन विकास बँकेचा आफ्रिकन विकास निधीही असंच काम करतो. गावात सोसायटीचं पीककर्ज आणि सावकाराचं कर्ज यांत जो फरक, तोच इथे आहे. सोसायटीचं पुरेसं मिळालं नाही की माणूस सावकाराच्या दारात जातो, त्याला कोणी हौशी म्हणत नाही.

मग पुरेसं का मिळत नाही? एक तर पैसाच मर्यादित. डिसेंबर 2024 मध्ये सेऊलला आयडीएसाठी तीन वर्षांचे 100 अब्ज डॉलर ठरले. आकडा मोठा वाटतो, पण त्यात सत्तरहून जास्त देशांचा वाटा आहे, आणि आफ्रिकेत अजून सुमारे 60 कोटी लोकांच्या घरात वीज नाही. दुसरं, दरडोई उत्पन्नाची रेघ. वर्षाला साधारण 1,300 डॉलरच्या वर गेलं की अटी कडक होऊ लागतात. ते उत्पन्न खाणीतून आलं की शेतीतून, दोन दुष्काळांत टिकेल की नाही, हे ती रेघ बघत नाही. झांबियाला 2011 मध्ये निम्न-मध्यम उत्पन्न गटात बढती मिळाली, 2020 मध्ये हप्ता चुकला, 2022 मध्ये देश पुन्हा कमी उत्पन्न गटात आला. आणि आफ्रिकन विकास बँकेतच 2014 पर्यंत निधीवर अवलंबून असलेल्या देशांना बँकेच्या मुख्य खिडकीतून, म्हणजे बिगरसवलतीचं, सरकारी कर्ज घेता येत नव्हतं. फेडायची कुवत आहे अशांना तेव्हा ती वाट मोकळी झाली. चांगला निर्णय, पण किती उशिरा.

आता आपलं. आयडीएच्या पहिल्याच वर्षीच्या कर्जदारांत भारत होता आणि पुढे कित्येक वर्षं आपणच सगळ्यात मोठे कर्जदार होतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत पुनर्वसनाचा जो मोठा कार्यक्रम झाला, त्याला 1994 मध्ये जागतिक बँकेने जवळपास 25 कोटी डॉलरचं कर्ज दिलं. ते आयडीएच्या खिडकीतून आलं होतं. औसा-उमरग्याकडे आजही सरळ रस्ते, आखीव चौकोन आणि एकसारखी घरं असलेली ती नवी गावठाणं दिसतात. हाच पैसा आपल्याला बाजारातून, दहा वर्षांच्या मुदतीने, पावणेदहा टक्क्यांनी उभा करावा लागला असता तर? 2014 मध्ये आपण आयडीएच्या यादीतून बाहेर पडलो, याचा मला अभिमान आहे. पण ज्या शिडीने चढलो ती इतरांना आखूड पडतेय, तेव्हा गप्प बसणं मला पटत नाही.

भ्रष्टाचाराचा मुद्दा राहिला. मोझांबिकमध्ये 2013-14 साली सरकारी कंपन्यांच्या नावावर सुमारे दोन अब्ज डॉलरची कर्जं उचलली गेली, त्यातली बरीचशी संसदेपासून लपवून. ट्यूना मासेमारी आणि किनारा संरक्षण हे कारण सांगितलं होतं. 2016 मध्ये बिंग फुटलं, देणगीदारांनी हात आखडता घेतला, चलन कोसळलं. ते पैसे देणाऱ्या बँका कोणत्या? क्रेडिट स्वीस आणि रशियाची व्हीटीबी. जागतिक बँकेसारख्या विकास बँकेचं कर्ज कुठल्या प्रकल्पाला, किती, काय अटींवर, हे सगळं जाहीर असतं, लेखापरीक्षण होतं. ज्याला भ्रष्टाचाराची खरी चिंता आहे, त्याने विकास बँकांचा वाटा वाढवण्याच्या बाजूने असायला हवं.

या संस्थांच्या निर्णयांत आफ्रिकेचा आवाजही असाच तोकडा. जागतिक बँकेच्या 25 जणांच्या संचालक मंडळात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या जवळपास सगळ्या देशांना मिळून तीन खुर्च्या, त्यातली तिसरी 2010 मध्ये मिळालेली. कोविडच्या काळात, 2021 मध्ये, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 650 अब्ज डॉलरचे विशेष आहरण अधिकार, म्हणजे गरजेला डॉलरसारख्या चलनात बदलून घेता येणारी राखीव गंगाजळी, सदस्य देशांना वाटले. वाटप कोट्याप्रमाणे, म्हणजे नाणेनिधीतल्या प्रत्येक देशाच्या हिश्श्याप्रमाणे, असल्यामुळे अख्ख्या आफ्रिकेच्या वाट्याला आले साधारण 33 अब्ज.

2023 मध्ये दिल्लीत आफ्रिकन युनियनला जी-20 चं कायम सदस्यत्व मिळालं, आपल्याच अध्यक्षतेखाली. विकास बँकांची कर्ज देण्याची ताकद तिप्पट करा, असं सांगणारा अहवालही भारताचे एन. के. सिंह आणि अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांच्या तज्ज्ञ गटाने त्याच वर्षी दिला. जागतिक बँकेचे अध्यक्ष अजय बंगा तर पुण्यातल्या खडकीत जन्मलेले. इकडे 2025 मध्ये अमेरिकेने आफ्रिकन विकास निधीचा आपला वाटा बंद करायचा प्रस्ताव मांडला. भारत 1983 पासून आफ्रिकन विकास बँकेचा सभासद आहे. या निधीत आणि आयडीएत आपण ठळकपणे जास्त पैसे घालावेत, आणि आफ्रिकेच्या खुर्च्या वाढवण्यासाठी उघडपणे भांडावं, असं माझं ठाम मत आहे. आमच्या खासदारांना मी तसं पत्र लिहितोय. संसदेत यावर एक प्रश्न विचारला जावा एवढीच त्यात मागणी आहे. पटत असेल तर तुम्हीही तुमच्या खासदारांना लिहा.