दातांच्या फटीला रबर बँड लावू नका

"तार लावणं हा डॉक्टरांचा धंदा आहे, हे चार उपाय करा आणि पैसे वाचवा" असा मेसेज फिरतोय. तो माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचला आणि तिने विचारलं, "ताई, हिला तार लावायचीच कशाला मग?" तिची लेक दहा वर्षांची आहे, वरच्या दोन पुढच्या दातांत फट आहे, आणि मेसेजमधला पहिलाच उपाय फटीवरचा आहे. तिला एकटीला सांगून भागणार नाही, म्हणून सगळ्यांसाठी लिहितेय.

"दोन्ही दातांभोवती रबर बँड अडकवून झोपा, फट गायब." फट खरंच कमी होते, आणि म्हणूनच लोक फसतात. दात मुळाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे रबर जागेवर टिकत नाही. सरकत सरकत तो हिरडीत शिरतो. दिसेनासा झाला की घरच्यांना वाटतं, तुटून पडला असेल. प्रत्यक्षात तो मुळाच्या टोकाकडे चढत राहतो, आणि दाताला हाडाशी धरून ठेवणारे तंतू आणि भोवतालचं हाड नष्ट होत जातं. हिरडी सुजते, पू येतो, दात हलायला लागतात. एक्स-रेत रबर सहसा दिसत नाही, म्हणून कारण सापडायलाही उशीर होतो. निरोगी दात अशा रबरापायी गमावलेली मुलं आहेत. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स या दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांच्या संघटनेने या घरगुती रबरांविरुद्ध लोकांना जाहीर इशारा दिलाय, तो उगाच नाही.

आणि पैसे वाचवायचेत ना? मग हिशेब नीट करा. दात गेला तर वाढत्या वयात इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचं कृत्रिम मूळ, बसवत नाहीत, जबड्याची वाढ पूर्ण व्हावी लागते. तोवर काढता-घालता येणारे तात्पुरते दात, ते लहान पडले की पुन्हा नवे, मग झिजलेलं हाड भरून काढणं, मग इम्प्लांट, वर कॅप. तारेच्या कितीतरी पट खर्च. शिवाय या वयातली फट वरचे सुळे आले की बऱ्याचदा आपोआप मिटते. तपासून घ्यायचं आणि थांबायचं, यापेक्षा स्वस्त उपाय कुठला?

"घरपोच अलाइनर मागवा, काम तेच." तेच नाही. अलाइनर म्हणजे दात हळूहळू सरकवणारे पारदर्शक साचे. एक्स-रे न काढता, हिरड्या न तपासता दात हलवणं धोक्याचं आहे. स्माइलडायरेक्टक्लब ही या धंद्यातली मोठी अमेरिकन कंपनी होती. सप्टेंबर 2023 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये गाशा गुंडाळला. लोकांचे उपचार अर्धवट राहिले, आयुष्यभराची हमी संपली, आणि हप्ते मात्र भरत राहा असं कंपनीने सांगितलं.

"रिटेनर म्हणजे वरकमाई." साफ खोटं. रिटेनर म्हणजे तारेनंतर दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन. तार काढल्यावर दात जुन्या जागी परतू पाहतात. रिटेनर नाही वापरला तर आधीचा सगळा खर्च पाण्यात.

"सगळे पैसे आधी भरून सवलत घ्या." उपचार साधारण दीड-दोन वर्षं चालतो. मध्येच गाव बदललं किंवा डॉक्टर बदलले तर? टप्प्याटप्प्यानेच द्या.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याची मान्य करावी लागते: खर्च सांगण्यात अनेक ठिकाणी मोकळेपणा नसतो. तोंडी एक आकडा सांगतात, आणि एक्स-रे, तुटलेला ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा तुकडा), रिटेनर हे नंतर वेगळं निघतं. म्हणून लेखी अंदाज मागा. यात काय धरलंय, काय नाही, आणि तार लावणारे डॉक्टर स्वतः ऑर्थोडॉन्टिस्ट आहेत का, हे विचारा. विमा असेल तर त्यात दात सरळ करणं येतं का ते आधी वाचा, बहुतेकदा ते वगळलेलं असतं किंवा त्याला वेगळी मर्यादा असते. तरीही झेपत नसेल तर डेंटल कॉलेजात जा. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तार लावतात. वेळ जास्त लागतो, खर्च बराच कमी येतो. बहिणीला मी तिथलीच वेळ घ्यायला सांगितलीय.