पाच जणांचं एक तिकीट

म्युनिकहून पाच जणांत मिळून बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरियातल्या साध्या प्रादेशिक गाड्यांचं दिवसभराचं तिकीट, काढायचं ठरलं की माझं डोकं आधीच तापायला लागतं. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतरच चालतं, आयसीई या वेगवान गाडीत चालत नाही, हे दर वेळी नव्याने सांगायचं. तरी फलाटावर कुणीतरी विचारणारच, "अरे, ती पांढरी गाडी लवकर पोचेल ना?" दुसरा नेमका दारं बंद व्हायच्या वेळी कॉफी आणायला पळणार. फ्युसेनची गाडी काय साहेबांसाठी थांबणार आहे? बरं, सगळ्यांची नावं एकाच तिकिटावर, म्हणजे त्याला टाकूनही जाता येत नाही! तिकडे फ्युसेनजवळच्या नॉयश्वानस्टाईन किल्ल्यात आत सोडायची वेळ ठरलेली. चुकली की बसा बाहेरून फोटो काढत. आणि पैसे? "पाठवतो रे नंतर." मागचेच अजून आलेले नाहीत.