‘अंगावर जखमा नव्हत्या’, मग?

बलात्काराच्या खटल्यात कुणी अपिलात सुटलं की फेसबुकवर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, बाईवर विश्वास ठेवा. दुसरा म्हणतो, पुरावा कुठाय? निकालपत्र उघडण्याची तसदी दोघांनीही घेतलेली नसते. ‘पुरावा नव्हता म्हणून सुटला’ हे वाक्य तर मला हल्ली ऐकवत नाही.

देसाईगंजचं प्रकरण घ्या. तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. 26 मार्च 1972 ची रात्र. अनाथ आदिवासी मुलगी, डॉक्टरांच्या अंदाजाने वय 14 ते 16. भावाच्या तक्रारीवरून तिला ठाण्यात आणलेलं. जबाब झाले, हेड कॉन्स्टेबल निघून गेला, बाकीच्यांना बाहेर काढलं आणि तिला आत थांबवलं. दिवे मालवले, दारं लावली. बाहेर माणसं जमली. ती बाहेर आली आणि तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, शिपायाने काय केलं ते तिने सांगितलं. (तिचं नाव सर्रास घेतलं जातं. मी घेणार नाही. पीडितेची ओळख उघड करण्यावर 1983 मध्ये बंदी आली, तीही तिच्याच प्रकरणानंतर उठलेल्या आंदोलनाच्या रेट्यात.)

वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री आठला. अंगावर जखम नाही. तिच्या कपड्यांवर आणि शिपायाच्या पायजम्यावर वीर्याचे डाग.

आता हा एकच कागद तीन कोर्टांनी कसा वाचला बघा. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये तिला खोटारडी ठरवलं, ‘सवयीची’ (म्हणजे शरीरसंबंधांची सवय असलेली) ठरवलं आणि संमती होती म्हणून सोडून दिलं. नागपूर खंडपीठ म्हणालं, धाकापुढे मान तुकवणं म्हणजे संमती नव्हे. त्या शिपायाला 5 वर्षं, दुसऱ्या आरोपी पोलिसाला 1 वर्ष. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोघांनाही सोडलं. जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार नाही, आणि प्रतिकार नाही म्हणजे ओरडल्याचं सांगणं बनाव!

मला खटकतं ते त्या लगेच सांगण्याचं काय झालं हे. घटनेनंतर लगोलग केलेलं विधान साक्षीच्या पुष्टीसाठी चालतं, असं साक्ष कायद्याचं कलम 157 सांगायचं. 1952 च्या रामेश्वर खटल्यात एका लहान मुलीने आईला सांगितलेली हकीकत याच आधारावर पुष्टी म्हणून धरली गेली. इथे मात्र सत्र न्यायाधीशांनी कारण शोधलं: गर्दीत तिचा प्रियकर उभा होता, त्याच्यापुढे तिला सोज्वळ दिसायचं होतं. म्हणजे पुष्टी समोर होती, तिचाच तिच्यावर उलटा वापर झाला.

उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी 1979 मध्ये या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. 1983 मध्ये साक्ष कायद्यात कलम 114अ आलं: पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संबंध सिद्ध झाला आणि बाईने कोर्टात ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर कोर्टाने ते गृहीत धरायचं. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला मात्र 2013 उजाडलं.

मधे 1990 चा नागपूरचा खटला आहे. आरोपी पोलीस उपनिरीक्षक. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने सोडलं, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा परत आणली. पीडितेला गुन्ह्यातल्या साथीदारासारखं संशयाने बघू नका, मारहाणीतल्या जखमी साक्षीदाराच्या शब्दाला जे वजन देता तेच तिच्या शब्दाला द्या, असं त्यात म्हटलंय. माझ्या मते मोजमाप हेच. जास्त नको, कमी तर नकोच.

‘मग कुणीही कुणालाही अडकवेल’ म्हणणाऱ्यांनी 2012 चा राय संदीप निकाल वाचावा. एकट्या साक्षीवर शिक्षा द्यायची तर ती पहिल्या जबाबापासून उलटतपासणीपर्यंत खणखणीत हवी, असं तो सांगतो. मला पटतं. हकीकत मुळातच फिरत असेल तर आरोपी सुटलाच पाहिजे. पण दिवा कुणी मालवला, वाजले किती, असल्या फरकांवरून अख्खी साक्ष फेकून देणं वेगळं. शिवाय अपिलातल्या न्यायाधीशांसमोर साक्षीदार नसतो, टंकलेखकाने उतरवलेली पानं असतात. तिथे आपल्या मनातली ‘बाई अशीच वागते’ ही समजूत अलगद पुराव्याच्या जागी जाऊन बसते.

2022 मध्ये झारखंडच्या खटल्यात पुन्हा तेच. मुलगी जाळली गेली, तिचा मृत्युपूर्व जबाब होता, तरी उच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप परत आणली आणि टू फिंगर टेस्ट (योनीत दोन बोटं घालून बाई ‘सवयीची’ आहे का ते बघणारी तपासणी) करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरू, असंही बजावलं. ती चाचणी त्या मुलीवरसुद्धा झाली होती, मरणाच्या दारात असताना.